केरसुणी उचलण्याआधी: परसबागेतली कुंभारीण

आज आपण अशा एका पाहुणीबद्दल बोलणार आहोत, जी आपल्या सगळ्यांच्या घरी येते आणि आपण तिला पाट देण्याऐवजी केरसुणी दाखवतो. देवळीत, तुळईला, पत्र्याच्या खाली, शिलाई मशीनच्या मागे ती मातीचं घर बांधते. दिवाळीची साफसफाई आली की आपण ते घर एका फटक्यात पाडतो. तिचं नाव कुंभारीण. कुणी कुंभारमाशी म्हणतं.

आम्हीही ही घरं पाडतच होतो. आता पाडत नाही. ते का, हे सांगायचं तर आधी आमच्या परसबागेची गोष्ट सांगावी लागेल.

आमच्या बचत गटात आम्ही अकरा जणी. गाव माणदेशातलं, पाऊस बेताचा. मोरीच्या आणि हापशाच्या सांडपाण्यावर आम्ही दोन गुंठ्यांची परसबाग केली आहे. वांगी, टोमॅटो, भेंडी, गवार, घेवडा, मेथी, कोथिंबीर. भाजी अकरा घरांत वाटून घेतो आणि उरली की अंगणवाडीच्या पोरांना देतो.

दोन वर्षांपूर्वी टोमॅटोवर अळी पडली. एकीच्या घरी शेतातलं उरलेलं औषध होतं. आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विषच. आमच्यातल्या एकीनं तोंडाला नुसता पदर बांधून भर दुपारी फवारणी केली. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. तालुक्याच्या दवाखान्यात दोन रात्री काढाव्या लागल्या. गटाच्या बचतीतून साडेचार हजार रुपये काढले. ती वाचली. त्या वाफ्यांतली भाजी आम्ही खड्डा करून पुरली.

मैत्रिणींनो, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं दगावले. ते आम्ही बातम्यांत ऐकलं होतं. पण ते मोठ्या शेतातलं, कपाशीतलं, असं वाटायचं. दोन गुंठ्यांच्या भाजीतही तेच होऊ शकतं, हे आमच्याच दारात घडल्यावर कळलं.

त्यानंतर गटाच्या बैठकीत दोन तट पडले. काही म्हणाल्या, मास्क आणा, हातमोजे आणा, पण फवारा, नाहीतर भाजी हाती लागायची नाही. बाकीच्या म्हणाल्या, पोरांच्या ताटात जाणाऱ्या भाजीवर विष नको. निर्णय काही होईना.

अशात दिवाळी आली. एका घरी सुनेनं पत्र्याखालचं जाळं झाडताना एक मातीचं मडकं पाडलं. लिंबाएवढं सुद्धा नाही, सुपारीहून थोडं मोठं. ते फुटलं आणि आतून आठ हिरव्या अळ्या जमिनीवर सांडल्या. जी दवाखान्यात जाऊन आली होती, ती तिथंच बसलेली होती. ती म्हणाली, "अगं, ही तर आपल्या टोमॅटोवरचीच अळी!"

आम्ही काडीनं हलवून पाहिल्या. मेल्या असाव्यात असं वाटलं, पण काडी लागली की एखादी जराशी वळवळायची. चालता मात्र येत नव्हतं. त्या आम्ही ताटलीत झाकून ठेवल्या. दोन दिवस झाले तरी कुजल्या नाहीत, वास सुटला नाही. तेव्हा आम्ही ठरवलं की या बाईचा कारभार नीट पाहायचा. एक वही केली. रोज ज्या दोघींची पाणी घालायची पाळी, त्यांनी अर्धा तास बसून जे दिसेल ते लिहायचं. कृषी विज्ञान केंद्रातल्या एका ताईंना वही दाखवली, त्यांनी पुष्कळ गोष्टींचा उलगडा केला.

गांधीलमाशी वेगळी, कुंभारीण वेगळी

आधी भीतीचं बोलू. गांधीलमाशीचं पोळं असतं. त्यात पुष्कळ माश्या एकत्र राहतात आणि पोळ्याला धक्का लागला की सगळ्या मिळून अंगावर येतात. अशा पोळ्याच्या वाटेला जाऊ नये, पोरांना जाऊ देऊ नये. चावल्यावर कुणाला श्वास लागला, तोंड-ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठायचा.

कुंभारीण एकटी राहते. तिला राणी नाही, कामकरी माश्या नाहीत, फौज नाही. घर बांधणं, शिकार आणणं, अंडं घालणं, दार लिंपणं, सगळं एकटीनं करायचं. आपण जवळ उभ्या राहिलो तरी ती घरासाठी भांडायला येत नाही, उडून जाते आणि पुन्हा येते. तिला नांगी आहे, हातात दाबली तर ती मारेल. पण ती नांगी मुळात शिकारीसाठी आहे. नराला तर नांगीच नसते, कारण नांगी म्हणजे अंडी घालायच्या नळीचंच बदललेलं रूप. नर घरही बांधत नाही आणि शिकारही आणत नाही. हे वहीत लिहिलं तेव्हा बैठकीत किती हसू झालं असेल, ते तुम्हीच ओळखा.

कोण काय नेतं?

सगळ्या कुंभारणी एकसारख्या नसतात. आम्ही पहिल्या महिन्यात सगळ्यांना एकच नाव देत होतो आणि तिथंच चुकत होतो. घर आणि शिकार पाहून त्या ओळखाव्यात.

पहिली, मडकं करणारी. पिवळसर तांबूस रंग, अंगावर काळे पट्टे, कंबर देठासारखी बारीक. ही आधी पाणी पिऊन येते, कोरड्या मातीवर ते ओतते, मातीची गोळी वळते आणि घेऊन जाते. एकदा आम्ही तिच्या फेऱ्या मोजल्या. एका सकाळी सत्तावीस झाल्या. गोल मडकं, वर लहानसं तोंड. मडकं झालं की ती आत छताला एका बारीक धाग्यानं अंडं टांगते. मग अळ्या आणायला निघते. पानावरची अळी शोधते, तिला नांगी मारते. त्या विषानं अळी मरत नाही, लुळी पडते, म्हणूनच कुजत नाही. पिल्लाला शेवटच्या घासापर्यंत ताजं अन्न मिळतं, फ्रिज नसताना. मडकं भरलं की तोंड मातीनं बंद. तुरीवरची आणि हरभऱ्यावरची घाटेअळी या कुंभारणी नेतात, हे शास्त्रज्ञांनीही नोंदवलेलं आहे. तीच घाटेअळी आपल्या टोमॅटोला भोक पाडते.

दुसरी, लिंपण करणारी. काळी, पायांवर पिवळे पट्टे, कंबर लांब सुतासारखी. ही मोरीच्या तोंडाशी बसून तयार चिखल उचलते. शेजारी शेजारी मातीच्या नळ्या बांधते आणि वरून सगळं लिंपून टाकते. भिंतीवर कुणी चिखलाचा गोळा फेकून मारला असावा तसं दिसतं. हिच्या घरात अळ्या नसतात, कोळी असतात. एका नळीत आम्हाला बारा सापडले. आता कोळीसुद्धा किडे खाऊन आपल्याला मदतच करतो. म्हणजे ही कुंभारीण आपल्या टोमॅटोची राखण करते असं म्हणता येणार नाही. पण ती नुकसानही करत नाही. दोघींनाही राहू द्यावं, असं आमचं मत झालं.

तिसरी, जमिनीत बीळ करणारी. सडपातळ, काळी-तांबडी. वाफ्यांच्या मधल्या कोरड्या वाटेवर ती बीळ उकरते आणि स्वतःहून जड अळी ओढत आणते. अळी आत नेऊन, अंडं घालून ती बीळ मातीनं आणि खड्यांनी बंद करते. काही जातींत तर ती तोंडात खडा धरून माती ठोकून बसवते, आपण चूल घालताना माती चोपतो तशी.

चौथी, झुरळवाली. हिरवी-निळी, मोरपिसासारखी चकचकीत. ही मोरीजवळ, लाकडांच्या ढिगाजवळ दिसते. झुरळाला ती दोनदा नांगी मारते, आधी छातीत आणि मग डोक्यात. झुरळाचे पाय शाबूत राहतात, पण स्वतःहून पळायची इच्छाच संपते. मग ती त्याची मिशी धरते आणि दाव्यानं शेळी न्यावी तशी त्याला चालवत बिळात नेते. हे आमच्यातल्या तिघींनी डोळ्यांनी पाहिलं. नाहीतर आमचाही विश्वास बसला नसता.

पाचवी, शेणखताच्या ढिगावर खालून खालून घिरट्या घालणारी. जाड, केसाळ, काळी, पंखांवर निळसर झाक. ही घर बांधत नाही. जमिनीत शिरून हुमणी शोधते, तिला लुळी करते आणि तिच्यावरच अंडं घालते. पिल्लू हुमणी खाऊन वाढतं. ऊस आणि भुईमूग करणाऱ्यांना हुमणी काय चीज आहे हे सांगायला नको.

या पाचही जणींत एक गोष्ट सारखी आहे. शिकार असते ती पिल्लांसाठी. मोठ्या माश्या स्वतः फुलांतला रस पिऊन जगतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आक्कांचा प्रश्न

आमच्या गटात सगळ्यांत थोरल्या आक्का आहेत. वारी चुकवत नाहीत. मडकं फुटलं त्या दिवशी त्या म्हणाल्या, "त्यात नवल काय? कुंभारीण अळीला आत कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते. अळी भिऊन तिचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता कुंभारीण होते. कीर्तनात ऐकलंय मी."

आक्का खोटं बोलत नव्हत्या. अवधूतानं चोवीस गुरू केले, त्या अवधूताला आपण दत्तगुरू म्हणतो. त्या चोवीसांत शेवटची गुरू ही कुंभारीणच. भागवताच्या अकराव्या स्कंधात ही गोष्ट आहे आणि एकनाथ महाराजांनी ती मराठीत सांगितली आहे. आपल्या आजी-पणजींनी मडक्यात अळी जाताना पाहिली आणि मडक्यातून कुंभारीण निघताना पाहिली. मधलं काय, ते बंद मडक्यात कुणाला दिसणार?

आम्ही ते मधलं पाहायचं ठरवलं. नुकत्याच लिंपलेल्या एका मडक्याला ब्लेडनं नाजूकपणे खिडकी पाडली आणि वर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चिकटवला. पहिल्या दिवशी अळ्या पडलेल्या आणि वर धाग्याला टांगलेलं तांदळाच्या कणीएवढं अंडं. तिसऱ्या दिवशी अंड्यातून बारीक पांढरं पिल्लू निघालं होतं आणि खाली लोंबून अळी खात होतं. आठ-नऊ दिवसांत सगळ्या अळ्या संपल्या, पिल्लू जाडजूड झालं. मग ते कोषात गेलं. चौथ्या आठवड्यात मडक्याला आतून भोक पडलं आणि कुंभारीण बाहेर आली. तिची आई कधीच उडून गेली होती.

काचेच्या बरणीत मलमल बांधून ठेवलेल्या दुसऱ्या घरातून मात्र भलतीच, हिरवी-निळी चकचकीत छोटी माशी निघाली. ताईंनी सांगितलं की कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, तशी ही माशी कुंभारणीच्या घरात चोरून अंडं घालते.

आक्का रोज येऊन खिडकीतून पाहत होत्या. शेवटच्या दिवशी आम्ही जरा घाबरतच विचारलं, "आक्का, आता काय म्हणता?" त्या म्हणाल्या, "अळीची कुंभारीण होत नाही, हे दिसलं मला. पण गुरू कसा खोटा ठरेल? अवधूत पण असाच बसून बघत असणार. आपण कधी बसलो होतो?"

खुणा हलवू नका

बिळातल्या कुंभारणीबद्दल आम्हाला एक कोडं होतं. सारख्या दिसणाऱ्या मातीत तिला स्वतःचं बीळ नेमकं कसं सापडतं? ताईंनी हॉलंड देशातल्या निको टिंबर्गन या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला. तिकडे मधमाश्यांची शिकार करणारी आणि वाळूत बीळ करणारी एक माशी आहे. ती बिळात असताना टिंबर्गन यांनी बिळाभोवती पाइनच्या झाडाची बोंडं गोल मांडली. बाहेर येऊन तिनं घिरट्या घालून सगळं पाहून घेतलं आणि ती गेली. मग त्यांनी ते रिंगण जरा बाजूला सरकवलं. माशी परत आली ती थेट सरकवलेल्या रिंगणात उतरली. बीळ शेजारीच होतं. म्हणजे ती आजूबाजूच्या खुणा पाठ करते. प्राण्यांच्या वागण्याच्या अशा अभ्यासासाठी टिंबर्गन यांना १९७३ साली आणखी दोघांसोबत नोबेल पारितोषिक मिळालं.

आमच्या पोरांनी हेच गोवरीच्या तुकड्यांनी करून पाहिलं. आमचीही कुंभारीण चुकली आणि रिंगणात शोधत बसली. पोरांनी लगेच तुकडे जागेवर ठेवले, तेव्हा तिला बीळ सापडलं. यातून आम्ही एक शिकलो. ती बीळ भरत असताना भोवतीचे दगड, कुंड्या, पालापाचोळा हलवायचा नाही. आपण सहज अंगण झाडतो आणि तिची वाट पुसून जाते.

आपण काय करायचं?

एक. मातीचं घर दिसलं तर आधी भोक आहे का पाहा. भोक असेल तर पिल्लं उडून गेली आहेत, खुशाल काढा. तोंड बंद असेल तर महिनाभर थांबा, थंडीत जरा जास्त.

दोन. विजेचा सॉकेट, कुलूप, मशीनचा सांधा, पाइपाचं तोंड इथं तिचं घर चालणार नाही. ती भोकं आधीच चिंधीनं किंवा टेपनं बंद करा. सॉकेटमध्ये घर झालं असेल तर वीज बंद केल्याशिवाय हात लावू नका.

तीन. मोरीच्या तोंडाशी हातभर जागा ओली राहू द्या आणि वाफ्यांच्या कडेला थोडी जमीन कोरडी, न खणलेली ठेवा. पाणी साचू मात्र देऊ नका, डास होतील.

चार. कोथिंबीर आणि बडीशेप सगळी काढू नका, चार रोपं फुलू द्या. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. मोठ्या कुंभारणींचं जेवण तिथंच असतं.

पाच. अळी मारणारं विष कुंभारणीलाही मारतं. विष खाल्लेली अळी तिनं नेली तर पिल्लूही जातं. अळी हातानं वेचा. फारच झाली तर निंबोळी अर्क वापरा. अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, त्याचं दहा लिटर पाणी करायचं. फवारणी संध्याकाळी करा, तेव्हा कुंभारीण उडत नसते. फुलांवर मारू नका.

सहा. बघायचं असेल तर उन्हं वर आल्यावर, दहाच्या सुमाराला बसा. तीन-चार हात लांब, शांत. पोरांना सोबत घ्या, पण हातानं पकडू देऊ नका.

आता खरं सांगायचं तर कुंभारीण आली म्हणून आमची कीड संपली नाही. मावा तसाच राहिला, तो तिच्या कामाचा नाही. वांग्याच्या आत शिरलेली अळी तिच्या हाती लागत नाही, ते सुकलेले शेंडे आणि किडकी वांगी आम्हीच खुडतो. थोडे टोमॅटो दर आठवड्याला वाया जातात. पण या हंगामात गटानं विषाची एकही बाटली घेतली नाही, आणि अंगणवाडीत भाजी देताना मनात धाकधूक राहिली नाही.

ज्या मैत्रिणीला विषबाधा झाली होती, ती कितीतरी महिने परसबागेत पाऊल टाकत नव्हती. मडकं फुटलं त्यानंतर ती पुन्हा येऊ लागली. आता कुंभारणीची वही तिच्याकडेच असते. या आठवड्याची तिची नोंद अशी आहे: पत्र्याखाली मडकी सहा, बंद चार, भोक पडलेली दोन.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात आपल्या घराच्या भिंती, तुळया, देवळ्या फिरून पाहा. मातीची घरं किती, गोल किती, लिंपणाची किती, बंद किती, ते लिहा आणि पुढच्या गटाच्या बैठकीत सांगा. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशानं रेघा मारा, त्याही चालतील. आणि तोवर त्या कोपऱ्यात केरसुणी जरा जपून चालवा.